नाव टाकलं, पत्ता कुणी दिला? छोट्या नेटवर्कमध्ये मशीनची नावं लावण्याची कृती

दहा-बारा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, फायली ठेवायला कोपऱ्यात एक जुनं लिनक्स मशीन आणि इंटरनेटवाल्याने बसवून दिलेला राउटर. छोट्या ऑफिसचं किंवा शाळेच्या लॅबचं नेटवर्क बहुधा एवढंच असतं. फाइल उघडायला १९२.१६८.१.२० हा आकडा लागतो, म्हणून तो प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. मग एक दिवस लाइट जाते, राउटर पुन्हा सुरू होऊन पत्ते नव्याने वाटतो आणि सगळ्या चिठ्ठ्या खोट्या ठरतात. इलाज सोपा आहे: मशीनला नाव द्यायचं आणि आकडा शोधायचं काम कॉम्प्युटरवर सोडायचं.

हे शोधणं मात्र एका ठिकाणी होत नाही. ‘डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची यंत्रणा) गेलंय’ असं आपण सरसकट म्हणतो, पण नावाचा पत्ता सांगू शकणारे एका कॉम्प्युटरपाशी चार-पाच जण असतात. आधीचं उत्तर लक्षात ठेवणारा कॅश, होस्ट्स नावाची साधी फाइल, डीएनएस सर्व्हर, आणि शेजारच्या मशीनना हाक मारून विचारण्याच्या एक-दोन पद्धती. ठरलेल्या क्रमाने विचारलं जातं आणि जो आधी बोलेल त्याचं खरं धरलं जातं, भले तो चुकीचं सांगत असो. त्यामुळे बिघाड शोधताना ‘नाव चालतंय का’ असं न विचारता ‘उत्तर कुणी दिलं’ असं विचारायचं.

खालच्या उदाहरणात राउटर १९२.१६८.१.१ वर आहे, फायलींचं लिनक्स मशीन ‘भांडार’ १९२.१६८.१.२० वर आणि प्रिंटर ‘छपाई’ १९२.१६८.१.२१ वर. कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कीबोर्डवर ती सगळी इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायची.

१. आधी पत्ता पक्का करा, मग नाव

पत्ता हलता असेल तर नाव लावून उपयोग नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपी नावाचा, मशीनना पत्ते वाटणारा भाग असतो. तिथे ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ शोधा. मशीनचा मॅक अॅड्रेस (बारा आकडी-अक्षरी हार्डवेअर क्रमांक) आणि त्याला द्यायचा पत्ता अशी जोडी तिथे भरायची. डीएचसीपीचा वाटपाचा पट्टा १०० ते १९९ ठेवा आणि कायमचे पत्ते त्याच्या बाहेर, म्हणजे २० ते ९९ मध्ये द्या. काही राउटर मात्र पट्ट्याच्या बाहेरचा पत्ता राखून ठेवू देत नाहीत. तसं झालं तर पट्ट्यातलाच द्या, रिझर्व्ह केलेला पत्ता तो दुसऱ्या कुणाला देत नाही. फोनच्या फंदात मात्र पडू नका: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतात, त्यामुळे त्यांचं रिझर्व्हेशन केव्हाही फसू शकतं.

नावाचे नियम थोडे आहेत, पण मोडले की त्रास होतो. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं. सुरुवातीला किंवा शेवटी रेघ नको. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर, नकोच: काही प्रोग्राम ती खपवून घेतात, काही नाही, आणि नेमका कोणता अडेल हे आधी कळत नाही. टिंबाटिंबांमधल्या एका तुकड्याची कमाल लांबी ६३ अक्षरं असली तरी १५ च्या आत राहा, कारण विंडोजची जुनी नेटबायॉस पद्धत त्यापुढचं कापून टाकते. नाव कामावरून द्या, माणसावरून नको. माणसं टेबल बदलतात, मशीन तिथेच राहतं.

देवनागरी नाव का नाही? बाहेरच्या इंटरनेटवर ते मिळतं. २०१४ साली सुरू झालेलं ‘.भारत’ हे डोमेन मराठीलाही चालतं. पण आतून ते इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपातच जातं, आणि ते रूपांतर ब्राउझर करतो, प्रिंटर नाही. घरच्या नेटवर्कवर ती हौस नको.

आता नावाचं शेपूट. नुसतं ‘भांडार’ पुरत नाही, पूर्ण नाव हवं. घरगुती आणि छोट्या नेटवर्कसाठी ‘होम.अर्पा’ हे शेपूट २०१८ साली आरएफसी ८३७५ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने राखून ठेवलं, ते वापरा: भांडार.होम.अर्पा. ‘.इंटर्नल’ हेसुद्धा २०२४ पासून खासगी वापरासाठी राखीव आहे. ‘.लोकल’ मात्र घेऊ नका. शेजाऱ्यांना हाक मारण्याच्या एमडीएनएस पद्धतीचं ते राखीव शेपूट आहे: अशा नावाचा प्रश्न डीएनएस सर्व्हरकडे जातच नाही, २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर पोर्ट (पत्त्यावरचं एखाद्या सेवेचं ठरलेलं दार) ५३५३ वर ओरडून विचारला जातो. तुम्ही सर्व्हरवर कितीही नीट नोंद केली तरी मॅक आणि बरीच लिनक्स मशीन तिथे बघणारच नाहीत.

२. होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ

इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या मशीनची यादी एकाच फाइलमध्ये असे. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. यादी हाताबाहेर गेली तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. ती जुनी फाइल मात्र आजही प्रत्येक कॉम्प्युटरवर आहे, आणि तिचा शब्द डीएनएसच्या आधी चालतो.

लिनक्स आणि मॅकवर ती ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाने असते. विंडोजवर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि तिथे होस्ट्स. ओळ अशी:

१९२.१६८.१.२० भांडार.होम.अर्पा भांडार

आधी पत्ता, मग पूर्ण नाव, मग टोपणनावं; मध्ये स्पेस किंवा टॅब. पत्त्यापुढे पोर्टचा आकडा लिहायचा नाही, नावाआधी ‘एचटीटीपी’ लावायचं नाही, आणि ‘होम.अर्पाखालची सगळी नावं’ अशा अर्थाचं चांदणीचं (स्टार) चिन्ह इथे चालत नाही. आकडे अर्थातच इंग्रजी.

विंडोजवर नवखे दोन ठिकाणी अडकतात. नोटपॅड ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडला नसेल तर फाइल सेव्ह होत नाही. आणि सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडलं नाही तर नोटपॅड मागे ‘.टीएक्सटी’ जोडतो. फोल्डरमध्ये दोन्ही फायली ‘होस्ट्स’ अशाच दिसतात, कारण विंडोज शेपूट लपवतं. ओळ बरोबर आहे पण काहीच होत नाही, असं झालं की आधी हे तपासा.

दोन-तीन मशीन असतील तर एवढ्यावर थांबायला हरकत नाही. त्याहून जास्त झाली की प्रत्येक बदल प्रत्येक मशीनवर करत बसावं लागतं आणि एखादं हमखास राहतं.

३. क्रम कुठे ठरतो

लिनक्सवर ईटीसी फोल्डरमधली ‘एनएसस्विच.कॉन्फ’ उघडा आणि ‘होस्ट्स:’ ने सुरू होणारी ओळ वाचा. ‘फाइल्स’ म्हणजे होस्ट्स फाइल, ‘एमडीएनएस४_मिनिमल’ म्हणजे ‘.लोकल’ची हाक, ‘डीएनएस’ म्हणजे सर्व्हर. डावीकडून उजवीकडे विचारलं जातं. विंडोजवर आधी होस्ट्स फाइल आणि कॅश, मग डीएनएस, आणि एका शब्दाचं नाव असेल तर एलएलएमएनआर व नेटबायॉस या विंडोजच्या पद्धतींनी शेजाऱ्यांना मारलेल्या हाका.

तपासणीची सगळ्यात महत्त्वाची गोम इथे आहे. ‘डिग’ आणि ‘एनएसलुकअप’ या कमांड हा क्रम पाळत नाहीत. त्या होस्ट्स फाइल बघत नाहीत, थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. तुमचा ब्राउझर किंवा फाइल एक्सप्लोरर काय करेल हे बघायचं असेल तर लिनक्सवर ‘गेटएंट होस्ट्स भांडार’ चालवा, विंडोजवर ‘पिंग भांडार’ करून पहिल्या ओळीत कंसात आलेला पत्ता वाचा. गेटएंट एक सांगतंय आणि डिग दुसरं, तर दोघंही खरं बोलतायत. फक्त वेगवेगळ्या माणसांना विचारून आलेत. आणखी एक: डिग शेपूट आपोआप जोडत नाही, त्यामुळे ‘डिग भांडार’ ‘सापडलं नाही’ म्हणू शकतं. त्याला पूर्ण नाव द्या.

४. सगळ्यांसाठी एकच यादी: भांडारवर डीएनएसमास्क

तुमच्या राउटरमध्ये ‘लोकल होस्टनेम’ किंवा तत्सम तक्ता असेल तर तोच भरा आणि ही पायरी सोडा. राउटर तसाही चोवीस तास चालू असतो. बऱ्याच फुकट मिळालेल्या राउटरमध्ये तो नसतो, म्हणून डीएनएसमास्क हा डीएनएस सर्व्हरचं काम करणारा छोटा प्रोग्राम.

‘एपीटी इन्स्टॉल डीएनएसमास्क’ केल्यावर ईटीसी फोल्डरमधल्या ‘डीएनएसमास्क.कॉन्फ’मध्ये या ओळी घाला:

डोमेन-नीडेड
बोगस-प्रिव्ह
डोमेन=होम.अर्पा
लोकल=/होम.अर्पा/
एक्स्पांड-होस्ट्स
सर्व्हर=१९२.१६८.१.१
इंटरफेस=(तुमच्या नेटवर्क कार्डाचं नाव)
बाइंड-इंटरफेसेस

पहिल्या दोन ओळी घरची नावं आणि घरचे पत्ते बाहेर विचारायला मनाई करतात. ‘लोकल’ची ओळ म्हणते की होम.अर्पाचा शेवटचा शब्द माझा. माझ्याकडे नसेल तर नाहीच. ‘सर्व्हर’ म्हणजे बाकी सगळं जग कुणाला विचारायचं. शेवटच्या दोन ओळी उबुंटूवर लागतात. तिथे सिस्टिमडी-रिझॉल्व्हड हा नावं शोधणारा उबुंटूचा स्वतःचा प्रोग्राम आधीच १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ अडवून बसलेला असतो, आणि या ओळी नसतील तर डीएनएसमास्क ‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून सुरूच होत नाही.

मग भांडारच्याच होस्ट्स फाइलमध्ये भांडार आणि छपाईच्या ओळी लिहा; डीएनएसमास्क ती फाइल वाचून सगळ्यांना उत्तरं देतो. आणि इथेच एक फसवी चूक दबा धरून असते. डेबियन आणि उबुंटू इन्स्टॉल होताना त्या फाइलमध्ये स्वतःहून ‘१२७.०.१.१ भांडार’ अशी ओळ टाकतात. मशीनला स्वतःचं नाव ओळखता यावं म्हणून ती असते आणि एरवी निरुपद्रवी असते. पण आता डीएनएसमास्क तोच पत्ता साऱ्या ऑफिसला वाटतो. १२७ ने सुरू होणारा कुठलाही पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. हिशोबाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर भांडार शोधतो, त्याला १२७.०.१.१ मिळतो आणि तो स्वतःचंच दार ठोठावतो. गंमत म्हणजे पिंगला उत्तर येतं, तेही एक मिलिसेकंदाच्या आत, त्यामुळे ‘नेटवर्क तर ठीक आहे’ असं वाटतं. फायली मात्र उघडत नाहीत. पिंगच्या कंसातला पत्ता वाचायची सवय असेल तर हे पाच सेकंदांत कळतं, नसेल तर दुपार जाते. ती ओळ पुसू नका, नाहीतर ‘सुडो’ (अॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) दर वेळी ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ अशी कुरकुर करत बसेल. तिच्यातला १२७.०.१.१ बदलून १९२.१६८.१.२० करा.

‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डीएनएसमास्क’ करा. मग दुसऱ्या मशीनवरून ‘एनएसलुकअप छपाई.होम.अर्पा १९२.१६८.१.२०’ चालवा. शेवटचा आकडा म्हणजे ‘या सर्व्हरलाच विचार’. १९२.१६८.१.२१ आलं की सर्व्हर तयार. वाट बघून ‘टाइमआउट’ आलं तर भांडारच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडा.

५. इतर मशीनना भांडारकडे वळवा

राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हरच्या जागी १९२.१६८.१.२० लिहा. हे लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) डीएचसीपी भागात, वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटच्या) भागात नव्हे. वॅनमध्ये लिहिलंत तर राउटर भांडारला विचारेल, भांडार राउटरला, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. डोमेनचं खोकं असेल तर त्यात होम.अर्पा घाला, म्हणजे नुसतं ‘भांडार’ टाइप केलं तरी मशीन शेपूट जोडून घेईल. मग प्रत्येक मशीनचं वायफाय किंवा केबल काढून पुन्हा जोडा.

राउटर डीएनएस बदलूच देत नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करून ते काम डीएनएसमास्कला द्यावं लागतं. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. शिवाय ‘डीएचसीपी-ऑप्शन=३,१९२.१६८.१.१’ ही ओळ विसरू नका. ती नसेल तर डीएनएसमास्क इंटरनेटचं दार म्हणून स्वतःचाच पत्ता सांगतो आणि सगळ्यांचं नेट बंद पडतं.

आता दुसऱ्या क्रमांकाच्या डीएनएस सर्व्हरबद्दल, कारण ही चूक जवळजवळ सगळे करतात. खोकी दोन दिसतात, म्हणून पहिल्यात भांडार आणि दुसऱ्यात ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) भरतात, समजूत अशी की भांडारला माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारतील. तसं होत नाही. ‘असं नाव नाही’ हे पूर्ण, वैध उत्तर आहे. ते मिळालं की शोध संपतो. दुसऱ्याकडे मशीन जातं ते पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर. आणि एकदा गेलं की विंडोज किंवा सिस्टिमडी-रिझॉल्व्हड काही काळ तिथेच रमतं, मग ८.८.८.८ ला भांडार ठाऊक नसल्याने नाव कधी चालतं, कधी नाही. दिलेले सगळे सर्व्हर सारखंच उत्तर देणारे हवेत, नाहीतर एकच द्या. एकच दिलात तर भांडार बंद पडताच सगळ्यांचं इंटरनेटही ‘जाणार’, म्हणून त्याला राउटरच्याच यूपीएसवर घ्या.

लिनक्सवर सर्व्हरची यादी ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये दिसते, पण ती हाताने बदलू नका. बहुतेक ठिकाणी नेटवर्क पुन्हा जोडलं की ती पुसली जाते. तिथे १२७.०.०.५३ दिसला तर खरे सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगेल.

सगळं नीट करूनही एखादं विंडोज मशीन भांडार ओळखत नसेल तर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मध्ये डीएनएस सर्व्हर्सची पूर्ण यादी वाचा. वर ‘एफई८०’ किंवा ‘२४’ ने सुरू होणारा लांबलचक आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) पत्ता असेल तर राउटर त्या वाटेने स्वतःला डीएनएस म्हणून पुढे करतोय. राउटरच्या आयपीव्ही६ भागात ते जाहीर करणं बंद करा.

६. बाहेरची नावं आणि शिळी उत्तरं

महाराष्ट्र.गव्ह.इन सारखं नाव उजवीकडून डावीकडे उलगडतं. कॅश रिकामा असेल तर सेवा देणाऱ्याचा सर्व्हर आधी मूळ सर्व्हरला विचारतो (त्यांची नावं १३, प्रत्यक्ष मशीन जगभर शेकडो ठिकाणी), तो ‘.इन’वाल्यांचा पत्ता देतो, ते पुढचा. ‘डिग +ट्रेस’ ही सगळी वाट दाखवतं. एकदा चालवून बघाच.

प्रत्येक उत्तरासोबत टीटीएल असतो: हे किती सेकंद लक्षात ठेवायचं. ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. वेबसाइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० करा आणि जुन्याची मुदत संपू द्या. बदल केल्यावर कमी करून उपयोग नाही. ‘नाही’ हे उत्तरही साठवलं जातं. नोंद करण्याआधी उत्साहाने नाव तपासलंत तर ती ‘नाही’ काही वेळ तुमच्याच मानगुटीवर बसते. आपल्या मशीनवरचा कॅश पुसायला विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’, लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’. ब्राउझरचा स्वतःचा कॅश वेगळा; तो पूर्ण बंद करून उघडा.

७. अडलं तर

आधी पत्त्यालाच पिंग करा. १९२.१६८.१.२० ला उत्तर नसेल तर नावांचा दोष नाही, केबल बघा. (विंडोज मशीनची फायरवॉल मात्र पिंग अडवू शकते.) मग चूक शब्दशः वाचा. लिनक्सवर ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ म्हणजे बहुधा कुणीतरी उत्तर दिलं आणि नाव नाही म्हणाला: स्पेलिंग, शेपूट, किंवा चुकीच्या सर्व्हरला विचारलंय. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे धड उत्तरच मिळालं नाही: सर्व्हर बंद आहे किंवा वाट अडली आहे. डिगमधला ‘एनएक्सडोमेन’ पहिल्या जातीचा. ‘सर्व्हफेल’ म्हणजे सर्व्हर जागा आहे पण त्याला पुढे जाता आलं नाही. सर्व्हर डीएनएससेकच्या (उत्तर अस्सल आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल) सह्या तपासणारा असेल तर त्याचं घड्याळ आणि तारीखही बघा, कारण सीएमओएसची बॅटरी संपलेल्या जुन्या मशीनवर तारीख मागे जाते आणि त्या सह्या अवैध ठरतात.

सगळं उघडतं पण प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबून? लिनक्सवर यादीतला पहिला सर्व्हर मेलेला आहे: पाच सेकंद वाट बघून मग दुसऱ्याला विचारलं जातं, तीच ती पाच सेकंदं.

पिंगला भांडार सापडतो, ब्राउझरला नाही, तर ब्राउझरच्या सेटिंगमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ बघा. ते चालू असलं की ब्राउझर तुमच्या सर्व्हरला बाजूला ठेवून बाहेरच्या कुणाला तरी विचारू शकतो. व्हीपीएनही तेच करतं. घरून ऑफिसच्या व्हीपीएनवर असताना घरचा प्रिंटर नावाने सापडला नाही तर त्यात नवल नाही.

विंडोजवर एनएसलुकअपची पहिलीच ओळ ‘सर्व्हर: अननोन’ अशी आली तर घाबरू नका. त्याने सर्व्हरच्या पत्त्यावरून उलटं नाव विचारलं आणि ते मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खालचं उत्तर बरोबर असू शकतं. डीएनएसमास्क होस्ट्स फाइलमधल्या ओळींवरून उलटी उत्तरंही आपोआप देतो, त्यामुळे भांडारची ओळ नीट लिहिली असेल तर तिथे ‘अननोन’च्या जागी भांडार.होम.अर्पा दिसेल.